बक्षिसाचा स्मार्टफोन : विनामूल्य सोडतीचा हिशेब

मोबाइल फोनची आवड असणाऱ्या लोकांचे मोठमोठे समूह आज इंटरनेटवर नांदत आहेत. कोणता फोन टिकाऊ, कोणाची बॅटरी किती चालते, कोणता कॅमेरा चांगला, यावर तेथे अहोरात्र चर्चा सुरू असते. या समूहांचे चालक, फोन बनविणाऱ्या कंपन्या आणि समाजमाध्यमांवर नावारूपास आलेल्या व्यक्ती अधूनमधून एक घोषणा करतात. समूहाचे सभासद व्हावे, एका सोप्या प्रश्नाचे उत्तर लिहावे, दोन-तीन मित्रांना कळवावे. ठरलेल्या दिवशी सोडत निघेल आणि ज्याचे नाव येईल त्याला नवा स्मार्टफोन विनामूल्य घरपोच मिळेल. ‘गिव्हअवे’ या इंग्रजी नावाने ही पद्धत तरुण वर्गात परिचित आहे.

अशा सोडतीत नाव घालणाऱ्यास हसण्याचे कारण नाही. स्मार्टफोन ही ग्रामीण कुटुंबातही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात असा फोन नव्हता त्या घरातील मुलाचे शिक्षणच थांबले. २०२१ पासून राज्यातील शेतकऱ्याला पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः करता येऊ लागली. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, हवामानाचा अंदाज, सारे फोनशी जोडले गेले आहे. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. त्या दराने बारा हजार रुपयांचा साधा स्मार्टफोन म्हणजे अडतीस दिवसांहून अधिक काळाची संपूर्ण मजुरी होय. इतक्या किमतीची वस्तू केवळ नाव लिहून मिळण्याची शक्यता असेल तर ते लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

म्हणूनच शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोणी आपला फोन पुढे करून “गुरुजी, हे खरे असते का?” असे विचारतो, तेव्हा “सगळी फसवणूक आहे” हे उत्तर पुरेसे ठरत नाही. ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. पुष्कळ सोडती प्रामाणिकपणे निघतात आणि विजेत्याला फोन मिळतोही. विचारणाऱ्याला हे ठाऊक असते, कारण त्याने कोणाच्या तरी हाती असा फोन पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. सरसकट नकार ऐकून तो पुन्हा विचारावयास येत नाही, आणि खरोखर फसण्याची वेळ येते तेव्हा त्याला सल्ला देणारे कोणी जवळ नसते. खरी सोडत कशी चालते, ‘विनामूल्य’ या शब्दाला कायद्याच्या दृष्टीने किती महत्त्व आहे, आणि पैशाची मागणी कोणत्या टप्प्यावर रास्त व कोणत्या टप्प्यावर ठकबाजीची, एवढे नीट सांगता आले तर त्या माणसाचे काम भागते.

शब्दकोड्यांपासून सोडतीपर्यंत

थोड्या प्रवेशिकेच्या बदल्यात मोठे बक्षीस देऊ करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात शब्दकोडे सोडवून बक्षीस मिळविण्याच्या स्पर्धांनी मुंबई राज्यात मोठाच जोर धरला होता. वृत्तपत्रातील कोडे सोडवायचे, त्यासोबत प्रवेशशुल्क भरायचे आणि आपले उत्तर आयोजकाकडे आधीच तयार असलेल्या उत्तराशी जुळते का, याची वाट पाहायची, असा तो मामला होता. एका जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभत असल्याने अचूक उत्तर म्हणजे बव्हंशी अंदाजच असे. मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. बंगळूरहून निघणाऱ्या व मुंबई राज्यात भरपूर खपणाऱ्या एका साप्ताहिकाच्या चालकांनी त्यास आव्हान दिले. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला. जुगाराच्या स्वरूपाचा व्यवहार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या मूलभूत स्वातंत्र्याचे संरक्षण त्यास मिळत नाही, हे तत्त्व त्या निकालाने कायम केले.

दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा अधिनियम संमत केला होता. मुंबईसह काही राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव केल्यानंतर तो आला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक किमतीची बक्षिसे देऊ करणारी कोड्यांची स्पर्धा त्याने निषिद्ध ठरविली. लहान स्पर्धेलाही परवाना आवश्यक केला आणि एका स्पर्धेतील प्रवेशिकांची मर्यादा दोन हजार ठेवली. आजच्या एखाद्या सोडतीत दोन हजार प्रवेशिका पहिल्या तासातच येतात, हे पाहिले म्हणजे काळ किती पालटला याची कल्पना येते.

खासगी लॉटरी हा भारतीय दंड संहितेनुसार गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम २९७ अन्वये, तो गुन्हाच राहिला आहे. लॉटरी काढण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्राने आपली राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू केली. मटक्याच्या बेकायदा धंद्याकडे वळणारा पैसा अधिकृत मार्गाने यावा व तो लोकहिताच्या कामी लागावा, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बक्षीस भिशी आणि सभासद जोडत जाऊन झटपट पैसा देण्याच्या योजनांवर बंदी आली.

या सर्व कायद्यांच्या मुळाशी एक साधी कसोटी आहे. लॉटरीला तीन गोष्टी लागतात : बक्षीस, दैवाने होणारी निवड आणि भाग घेण्यासाठी मोजलेले मोल. यांपैकी मोल काढून टाकले की उरते ती भेट. ती कोणाला द्यावी हे चिठ्ठी टाकून ठरविले इतकेच. ‘प्रवेश विनामूल्य’ हे शब्द प्रत्येक प्रामाणिक सोडतीच्या माथ्यावर दिसतात ते याच कारणाने. आयोजकाचे औदार्य त्यात असेलही, परंतु त्याहून मोठे कारण असे की शुल्क घेताच तो खासगी लॉटरी चालविणारा ठरू शकतो. परदेशांतही हाच विचार आढळतो. अमेरिकेतील सोडतींच्या नियमावलीत ‘खरेदीची आवश्यकता नाही’ असे वाक्य ठळकपणे छापलेले असते. कॅनडात तर विजेत्याला बक्षीस देण्यापूर्वी एक छोटेसे गणित सोडवावयास लावतात; केवळ दैवावर बक्षीस दिल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून शोधलेली ही वाट आहे. बेरीज-गुणाकार करून फोन मिळविणारा कॅनेडियन नागरिक आपल्या हुशारीवर खूश होत असेल, पण ते गणित वकिलांसाठी घातलेले असते.

एका फोनच्या मोबदल्यात काय मिळते?

आयोजक फोन का देतो, हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात. बारा हजारांच्या एका फोनसाठी चाळीस हजार प्रवेशिका आल्या असे धरू. प्रत्येक भाग घेणाऱ्याची जिंकण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. बारा हजारांना चाळीस हजारांनी भागले असता एका प्रवेशिकेचे सरासरी मोल येते तीस पैसे. याचाच अर्थ आयोजकाने चाळीस हजार लोकांची नावे, त्यांचे लक्ष आणि पुष्कळदा त्यांचे फोन क्रमांक माणशी तीस पैशांत मिळविले. जाहिरातीच्या इतर कोणत्याही साधनाने इतक्या स्वस्तात इतके ग्राहक जोडणे अवघड आहे. हा सौदा लबाडीचाच आहे असे नाही. दुकानदार दिवाळीत दिनदर्शिका वाटतो त्यातलाच हा प्रकार. मात्र तो सौदा आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावे.

आता मित्रांना कळविण्याची अट पाहू. बहुतेक सोडतींत “एक मित्र आणा, एक जादा प्रवेशिका मिळवा” अशी सवलत असते. आपली शक्यता दुप्पट झाली असे सभासदाला वाटते. चाळीस हजारांतील एकट्यानेच मित्र आणला असता तर ते खरेही ठरले असते. पण सवलत सर्वांनाच असते. प्रत्येकाने एकेक मित्र आणला तर मूळच्या चाळीस हजार सभासदांच्या दोन-दोन मिळून ऐंशी हजार आणि नव्या मित्रांच्या चाळीस हजार, अशा एकूण एक लाख वीस हजार प्रवेशिका होतात. मूळ सभासदाची शक्यता आता एक लाख वीस हजारांत दोन, म्हणजे साठ हजारांत एक. चाळीस हजारांत एक होती ती खाली आली. नव्या मित्राची शक्यता तर एक लाख वीस हजारांत एकच. फायदा झाला तो आयोजकाचा : त्याच एका फोनमध्ये चाळीस हजारांऐवजी ऐंशी हजार माणसे आली आणि माणशी खर्च पंधरा पैशांवर उतरला. आठवी-नववीच्या वर्गात संभाव्यतेचे उदाहरण म्हणून हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. नाण्याच्या छापा-काट्यापेक्षा ते मुलांच्या अधिक लक्षात राहील.

निवड कशी होते? प्रवेशिकांना क्रमांक दिले जातात आणि संगणकाकडून त्यांतील एक क्रमांक यदृच्छया काढला जातो. यंत्र निःपक्षपाती असते, यादी मात्र माणूस तयार करतो. एकाच व्यक्तीने पन्नास बनावट नावांनी भरलेल्या प्रवेशिका काढून टाकल्या का, मुदत संपल्यावर आलेली नावे वगळली का, विजेता अटींत बसतो का, हे सारे आयोजकाच्या सचोटीवर अवलंबून राहते. सोडत सर्वांसमोर थेट दाखविणे, प्रवेशिकांची एकूण संख्या आधी जाहीर करणे आणि निकाल त्याच ठिकाणी प्रसिद्ध करणे, या तीन गोष्टी जेथे दिसतात तेथे विश्वास ठेवण्यास जागा आहे. राज्य लॉटरीची सोडत जनतेसमोर काढण्याचा दंडक आहे तो उगीच नव्हे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम याबाबत बराच स्पष्ट आहे. देण्याचा इरादा नसताना बक्षीस देऊ करणे, आणि किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल करून वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे, या अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. विनामूल्य बक्षिसाची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. योजनेची जाहिरात ज्या वृत्तपत्रात केली त्यातच वाजवी मुदतीत निकाल ठळकपणे छापला तर तो कळविला असे समजावे, असे स्पष्टीकरण तेथे दिले आहे. ज्या पानावर सोडतीची घोषणा झाली त्याच पानावर निकालही मागावा, हा बोध त्यावरून सहज घेता येतो. इतकेच काय, मालाची विक्री वाढविण्याच्या हेतूने घेतलेली स्पर्धा वा सोडत हीसुद्धा, विहित अपवाद वगळता, याच व्याख्येत मोडते. तेव्हा “अमुक वस्तू घ्या आणि फोन जिंका” असे सांगणाऱ्या योजनेकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांनी ‘फुकट’ या शब्दालाही लगाम घातला आहे. प्रतिसाद पाठविण्याचा व वस्तू आणण्याचा किंवा पोहोचविण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावे लागत असेल तर त्या वस्तूला फुकट म्हणता येत नाही.

नाव, क्रमांक आणि वय

प्रवेशिकेत काय विचारले आहे, यावरूनही आयोजकाची ओळख पटते. सोडत काढण्यासाठी सभासदाचे नाव आणि संपर्काचा एक मार्ग पुरेसा असतो. पत्ता लागतो तो विजेत्याचा, आणि तोही सोडतीनंतर. आधार क्रमांक, बँक खाते, जन्मतारीख, घरातील माणसांची माहिती हे सारे चाळीस हजार जणांकडून आधीच मागण्याचे काहीही प्रयोजन नाही. वैयक्तिक माहिती ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी वापरावी आणि संमती स्पष्ट व त्या कामापुरती असावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने स्वीकारले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील व्यक्तीला हा कायदा बालक मानतो आणि तिची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरवितो. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण फोनच्या सोडतींकडे सर्वांत अधिक ओढ असते ती याच वयाच्या मुलांची. पुष्कळ नियमावलींत वयाची अट असते. वडिलांच्या फोनवरून, स्वतःचे वय वाढवून नाव घातलेल्या मुलाचे नाव निघालेच, तर त्याला अपात्र ठरविण्याचा आयोजकाला पूर्ण अधिकार राहतो.

परदेशी समूहांच्या सोडतींत आणखी एक अट बारीक अक्षरात असते : भाग कोणत्या देशांच्या रहिवाशांना घेता येईल. भारताचे नाव तेथे नसेल तर प्रवेशिका स्वीकारली गेली तरी बक्षीस मिळत नाही.

नाव निघाल्यानंतरचा कर

सर्वांत कमी माहिती असलेला आणि म्हणूनच सर्वांत अधिक घोटाळ्याचा भाग येथून सुरू होतो. बक्षीस विनामूल्य असले तरी करमुक्त नसते. आयकर कायद्यात ‘लॉटरी’ या शब्दाची व्याप्ती २००१ च्या वित्त अधिनियमाने वाढविण्यात आली. चिठ्ठी टाकून, दैवयोगाने वा अन्य कोणत्याही रीतीने, कोणत्याही नावाच्या योजनेखाली दिलेले बक्षीस त्यात येते. भाग घेण्यासाठी पैसे भरले होते की नाही, याचा येथे संबंध नाही. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने जी लॉटरी नव्हे ती आयकराच्या दृष्टीने लॉटरी ठरते, हा विरोधाभास वाटला तरी तसे आहे खरे.

या उत्पन्नावर सरळ ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या, १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही हा दर कायम ठेवण्यात आला आहे. किमान करमुक्त उत्पन्नाची सवलत यास लागू होत नाही. वर्षभरात एक रुपयाही आयकर न भरणाऱ्या मजुराला बारा हजारांचा फोन लागला तर कर होतो ३,६०० रुपये आणि उपकरासह ३,७४४ रुपये. वर सांगितलेल्या मजुरीच्या दराने ही रक्कम बरोबर बारा दिवसांच्या मजुरीइतकी येते. बक्षीस दहा हजार रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर देणाऱ्याने करकपात करावी असा नियम आहे. रोख बक्षिसातून ती रक्कम कापून घेता येते. फोनचा तुकडा कापता येत नाही. म्हणून वस्तूच्या रूपातील बक्षीस हाती देण्यापूर्वी त्यावरील कर भरला गेल्याची खात्री करण्याची जबाबदारी कायद्याने देणाऱ्यावर टाकली आहे. काही आयोजक हा कर स्वतः सोसतात. काही जण तो विजेत्याने द्यावा असे नियमावलीत आधीच लिहितात, आणि तसे लिहिणे गैर नाही.

ठकांनी नेमकी हीच फट हेरली आहे. “अभिनंदन, आपल्याला फोन लागला आहे, प्रथम कर भरा” हा संदेश खोट्या सोडतीतून येतो तसा खऱ्या सोडतीतूनही येऊ शकतो. “पैसे मागितले की फसवणूक समजा” हा नेहमीचा उपदेश येथे अपुरा पडतो. शिवाय ज्याने नियमावली वाचली आहे तो सावध माणूसही “कर तर भरावाच लागतो” या समजुतीने जाळ्यात सापडतो. फरक पैशाच्या मागणीत नसून पैशाच्या वाटेत आहे. कर हा सरकारचा. तो सरकारच्या खात्यात, विजेत्याच्या पॅन क्रमांकावर जमा व्हावयास हवा. विजेता तो आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून चलनाने स्वतः भरून पावती आयोजकाला दाखवू शकतो. आयोजकाने भरला तर त्याला करकपातीचा स्वतंत्र खाते क्रमांक असतो, तो विजेत्याला कपातीचे प्रमाणपत्र देतो, आणि ती नोंद विजेत्याच्या नावे आयकर विभागाच्या वार्षिक विवरणात दिसते. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर किंवा ‘अधिकारी’ म्हणविणाऱ्याच्या बचत खात्यात कर भरण्याची कोणतीही पद्धत भारतात नाही. “मी कर माझ्या पॅनवर थेट सरकारकडे भरतो, पावती पाठवितो” इतके एक वाक्य उत्तरादाखल लिहिले की खरा आयोजक हरकत घेत नाही. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य मात्र घाई करू लागतो, मुदत आजच संपते असे सांगतो, किंवा बोलणेच थांबवितो.

परदेशातून येणाऱ्या फोनचेही असेच आहे. परदेशातून टपालाने वा कुरियरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना पूर्वी मिळणारी सीमाशुल्काची सूट डिसेंबर २०१९ मध्ये, राखीसारखे मोजके अपवाद सोडून, काढून घेण्यात आली. तेव्हा परदेशी बक्षिसावर शुल्क लागू शकते. ते वस्तू देशात आल्यावर टपाल खात्यामार्फत वा कुरियरमार्फत, पावती घेऊन भरावयाचे असते. विमानतळावरून बोलत असल्याचे सांगणाऱ्या कोणा साहेबाला आगाऊ पाठवायचे नसते. लॉटरी, स्वीपस्टेक यांसारख्या गोष्टींत भाग घेण्यासाठी परदेशी पैसे पाठविणे हे तर विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखालील २००० च्या नियमांनी पूर्णपणे निषिद्ध आहे. बक्षिसाचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत, अशा आशयाची रिझर्व्ह बँकेच्या नावाने येणारी पत्रे बनावट असतात. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही, हे तिने वारंवार जाहीर केले आहे.

ठकाची कार्यपद्धती

खोट्या सोडतीचे दोन प्रकार नेहमी आढळतात. पहिल्यात मुळात सोडतच नसते. कधीही नाव न घातलेल्या माणसाला बक्षीस लागल्याचा संदेश येतो. हा प्रकार आता बराच परिचित झाला आहे. दुसरा अधिक घातक आहे, कारण तो खऱ्या सोडतीच्या आधाराने वाढतो. समूहात सोडत जाहीर होते, लोक आपली नावे उघडपणे लिहितात, आणि ठकाला भाग घेणाऱ्यांची यादी आयतीच मिळते. समूहाच्या नावात एखादे अक्षर किंवा टिंब बदलून, तेच चित्र लावून तो नवे खाते उघडतो व निकालाच्या दिवशी शेकडो जणांना “आपणच विजेते” म्हणून कळवितो. ज्याने नाव घातले आहे त्याला हा संदेश अपेक्षितच असतो, त्यामुळे शंका येत नाही. पुढे एक दुवा उघडावयास सांगतात, किंवा एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतात, किंवा “ओळख पटविण्यासाठी” फोनवर आलेला सहा आकडी संकेत मागतात. तो संकेत बहुधा व्हॉट्सॲप खात्याचा वा बँकेचा असतो. पैसे मिळावेत म्हणून यूपीआय पिन घालावयास लावणे हीदेखील जुनीच युक्ती आहे. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही.

एखादा अशा जाळ्यात सापडलाच तर पहिला तास मोलाचा असतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविले तर गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडविता येण्याची शक्यता राहते. रात्र गेली की ती चार-पाच खात्यांतून फिरून काढून घेतली जाते. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, ग्राहकाने स्वतः संकेत सांगितला असला तरी बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. कळविण्यास लाजून घालविलेला प्रत्येक तास ग्राहकाच्या माथी पडतो. संगणकसाधनाचा वापर करून तोतयेगिरीने फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. गावात सर्वांत मोठी अडचण लाजेचीच असते. तीन-चार हजार रुपये गेलेला माणूस घरीदेखील बोलत नाही, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या आळीत दुसरा फसतो. नाव न घेता असा प्रकार ग्रामसभेत सांगितला गेला तर पुढील दोघे-तिघे वाचतात. शाळेतील मुलाने सांगितले तर आधी त्याला रागावण्याऐवजी फोन हातात घेऊन १९३० लावणे अधिक उपयोगाचे.

सोडत खरी असून फोन घरी आला, तरी दोन गोष्टी करावयाच्या राहतात. पहिली म्हणजे खरेदीचे बिल मागून घेणे, कारण त्यावाचून हमीची दुरुस्ती मिळताना अडचण येते. दुसरी अशी की फोनवर तारांकन, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे क्रमाने दाबली असता पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजी मोठ्या लिपीत के-वाय-एम ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला की फोन अस्सल आहे की चोरीचा किंवा नकली क्रमांकाचा, हे दूरसंचार विभागाच्या नोंदीवरून कळते. खोक्यावर छापलेला क्रमांकही तोच आहे की नाही, हे त्याच वेळी ताडून घ्यावे. सिमकार्ड त्यानंतर घालावे.